बाबांचं देहदान आणि आईची दशक्रिया: एकाच घरात दोन्ही कसं बसवायचं?

ओसरी (सिंहगड रोड, पुणे) :

नमस्कार. बाबा पक्के नास्तिक. देवापुढे कधी हात जोडले नाहीत, पण आईच्या पूजेची फुलं रोज तेच आणतात. देहदानाचा फॉर्म भरून ठेवलाय आणि ‘माझ्यामागे काही विधी करू नका’ असं तोंडी बजावलंय. आईची श्रद्धा तितकीच पक्की. उपासतापास, दर एकादशीला आळंदी. तिचा देहदानाला विरोध नाही, पण ‘दहावं-तेरावं झालं नाही तर माझ्या जिवाला चैन पडायची नाही’ म्हणते. दोघंही हिंडतीफिरती आहेत, म्हणूनच आत्ता विचारतेय. वेळ आल्यावर दारात भांडण नको.

मला नेमकं हवंय ते असं. देहदान खरोखर पार पडावं यासाठी आधी काय करून ठेवायचं आणि ते कशामुळे अडतं? देहच गेला, अस्थी नाहीत, तर दशक्रिया होते का? भाऊ टोरांटोला असतो, त्याच्यासाठी थांबता येईल का? आणि काका म्हणतात, ‘अग्नी दिला नाही तर गती मिळत नाही’, त्यांना काय सांगायचं? ‘जमवून घ्या, समजून घ्या’ असं नको, ते आम्ही रोजच करतो. प्रत्यक्ष काय करायचं ते सांगा.

खिडकीतला_पारवा :

पहिल्यांदा एक गैरसमज दूर करा. देहदानाचा फॉर्म भरला की काम झालं, असं नसतं. महाराष्ट्राच्या १९४९ च्या शरीररचनाशास्त्र अधिनियमाप्रमाणे माणसाने हयातीत लेखी इच्छा सांगितली असेल, तर मृत्यूनंतर ज्यांच्या ताब्यात देह आहे ते तो कॉलेजला देऊ ‘शकतात’. दिलाच पाहिजे असं नाही. जवळच्या नातेवाइकांपैकी कोणी अडून बसलं, तर कॉलेज वादात पडत नाही, हात जोडून परत पाठवतं. म्हणजे तुमच्या घरात बाबांच्या नास्तिकपणाची किल्ली आईच्या हातात आहे. हे दोघांनाही स्पष्ट कळलं, तर पुढचं निम्मं बोलणं सोपं होईल.

पुण्यात देह स्वीकारणारी ठिकाणं म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयांचे शरीररचनाशास्त्र विभाग. ससूनशी जोडलेलं बी. जे., वानवडीचं एएफएमसी, धनकवडीचं भारती विद्यापीठ ही ठळक नावं. फॉर्म एका ठिकाणी भरला असेल तरी दुसऱ्या विभागाचा नंबरही लिहून ठेवा. एका ठिकाणी त्या दिवशी जमलं नाही तर दुसरीकडे विचारता येतं. फॉर्मवर बाबांची सही, फोटो, दोन साक्षीदार आणि जवळच्या नातेवाइकांची संमती असते. साक्षीदार म्हणून आईची आणि त्याच काकांची सही घ्या. ज्याचा विरोध आहे त्याची सही आज मिळवणं हे त्या दिवशी मिळवण्यापेक्षा कितीतरी सोपं. फॉर्म बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका, मृत्युपत्राच्या पाकिटातही नको. मृत्युपत्र लोक तेराव्यानंतर उघडतात. एक प्रत औषधांच्या डब्यात, एक फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर.

आता घड्याळ. सगळ्यात घाई डोळ्यांची. नेत्रदान ६ तासांच्या आत व्हावं लागतं, कारण कॉर्नियाच्या (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या) आतल्या थरातल्या पेशी भराभर मरतात. पापण्या मिटवा, वर ओल्या कापसाच्या घड्या ठेवा, डोक्याखाली उशी देऊन डोकं साधारण अर्धा फूट उंच करा, पंखा बंद करा. पंख्याच्या वाऱ्याने कॉर्निया सुकतो आणि नेमकं हेच लोक विसरतात. माणसं जमली, उकडतंय, म्हणून कोणीतरी पंखा लावतंच. एसी चालेल. नेत्रपेढीचे लोक घरी येतात, १५-२० मिनिटांचं काम असतं, चेहरा विद्रूप होत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, चष्मा असला, मधुमेह असला तरी चालतं. नेत्रदान केलेला देह कॉलेज घेतं.

देह जितका लवकर पोचेल तितका बरा, सहा-आठ तासांत पोचवायचं धरून चाला. कारण असं, की मांडीतल्या किंवा मानेतल्या धमनीतून देह टिकवणारं साधारण ८ ते १० लिटर फॉर्मॅलिनचं द्रावण शरीरभर पोचवावं लागतं. रक्त जागोजागी गोठलं आणि ऊती सडू लागल्या, की ते आतपर्यंत जात नाही. शवविच्छेदन झालेला देह नाकारतात तोही याचमुळे: धमन्या कापलेल्या असतात, द्रावण बाहेर गळतं. नाकारण्याची बाकीची कारणं म्हणजे एचआयव्ही, कावीळ बी किंवा सी, सक्रिय क्षयरोग, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, गँगरीन, मोठे बेडसोर्स, फार स्थूल देह, अपघात किंवा पोलीस केस. वय आड येत नाही.

आणि घरी झालेला मृत्यू सगळ्यात जास्त कुठे अडतो ते ऐका. मध्यरात्री घाबरून लोक गाडीत घालून हॉस्पिटलात नेतात. तिथले डॉक्टर पेशंटला ओळखत नाहीत, कारण लिहून देऊ शकत नाहीत. मग पोलीस, मग शवविच्छेदन आणि देहदान संपलं. धुगधुगी असेल तर अर्थातच हॉस्पिटल. पण आजार जुना आहे आणि प्राण गेलेला आहे हे स्पष्ट असेल, तर फॅमिली डॉक्टरला घरी बोलवा. ते फॉर्म ४-अ भरून देतात, म्हणजे हॉस्पिटलबाहेरच्या मृत्यूचं वैद्यकीय कारणाचं प्रमाणपत्र. ज्या डॉक्टरने दोन वर्षांत पेशंट पाहिलेला नाही तो सही करणार नाही आणि त्याचं बरोबरच आहे. म्हणून बाबांना ठरावीक दिवसांनी एकाच डॉक्टरकडे दाखवत राहा, फाइल एका जागी ठेवा.

बरोबर न्यायचं: डॉक्टरांचं प्रमाणपत्र, बाबांचं आधार, संमती देणाऱ्याचं आधार, दोघांच्या झेरॉक्स, मूळ फॉर्म. देह स्वीकारल्याचं पत्र कॉलेजकडून मागून घ्या. स्मशानाची पावती नसते, त्यामुळे महापालिकेत मृत्यूनोंदणीला ते पत्र लागतं. नोंदणी २१ दिवसांत.

भावाबद्दल सरळ सांगतो. टोरांटोहून पुण्याला पोचायला एक दिवस सहज जातो, तिकीट मिळायचं वेगळंच. फ्रीजर पेटी भाड्याने मिळते, हॉस्पिटलच्या शवागारात ठेवता येतं, पण कॉलेज तेवढ्या उशिरा घेईल का हे त्या विभागालाच विचारावं लागेल. डोळे तर त्याच्यासाठी थांबणारच नाहीत. व्हिडिओ कॉलवर दर्शन आणि दहाव्याला प्रत्यक्ष हजेरी, हे आजच त्याच्याशी बोलून ठरवा. ‘मुलगा आल्याशिवाय हलवायचं नाही’ हे वाक्य त्या दिवशी कोणीतरी म्हणणारच. तेव्हा उत्तर भावाकडून यायला हवं, तुमच्याकडून नव्हे.

आईला आधीच सांगायची एक गोष्ट: देह साधारण वर्ष-दोन वर्षं शिक्षणासाठी वापरतात आणि अवशेष घरच्यांना परत देण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी नाही. अस्थी मिळणार नाहीत. हे नंतर कळलं तर फसवल्यासारखं वाटतं. त्याच जोडीला हेही सांगा, की अनेक कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या मुलांना विच्छेदन सुरू करण्याआधी देहापुढे उभं करून आदर राखण्याची शपथ देतात.

दर्भ_आणि_तीळ :

पौरोहित्याच्या बाजूचं मी लिहितो.

काकांचा मुद्दा आधी. अग्नीशिवाय गती नाही असं म्हटलं, तर संन्याशाचं काय? संन्याशाला अग्नी देत नाहीत, समाधी देतात. आई दर एकादशीला आळंदीला कुणाच्या समाधीपुढे उभ्या राहतात, एवढंच काकांना विचारा. दात न आलेल्या बाळाला पुरतात. लिंगायत समाजात दफनच आहे. दधीची ऋषींनी वज्रासाठी अस्थी दिल्या ही कथा कीर्तनात सगळे मान डोलावत ऐकतात. तेव्हा दहन हा नेहमीचा मार्ग आहे, एकमेव नाही.

आता देह नसताना काय करतात. शास्त्रात याची सोय जुनीच आहे, कारण परदेशी वारलेला, पुरात वाहून गेलेला, देह न सापडलेला माणूस हा प्रश्न काही आजचा नाही. पळसाच्या ३६० पानांची किंवा देठांची मनुष्याकृती करतात, दर्भाने बांधतात, तिला अग्नी देतात आणि पुढची क्रिया नेहमीप्रमाणे चालते. याला पर्णशर किंवा पालाशविधी म्हणतात. पण देहदानाच्या घरी हा विधी करावाच असा माझा आग्रह नाही. देह हरवलेला नाही, समजून-उमजून दिलेला आहे. बाबांची इच्छा ‘अग्नी नको’ अशी असेल, तर प्रतिकृतीला अग्नी देणं हे मागच्या दाराने तेच करणं झालं. काही गुरुजी याशिवाय पुढे सरकत नाहीत, त्यांच्याशी वाद घालू नका, दुसरे गुरुजी बघा. मात्र बघा आत्ता. दहाव्याच्या आदल्या रात्री फोन लावून ‘देहदान झालंय, चालेल ना?’ विचारलं, तर समोरच्यालाही विचार करायला वेळ मिळत नाही आणि तो नाही म्हणून मोकळा होतो.

मधला मार्ग असा. नेहमीच्या अंत्यविधीत खांद्यावरचं मडकं ज्या दगडाने फोडतात तो अश्मा, आपल्याकडे बोलीत जीवखडा. दहा दिवस तिलांजली त्या खड्यावर देतात. देहदानात मडकं नाही, म्हणून खडाही नाही, आणि दहाव्या दिवशी घाटावर नेमका इथे घोटाळा होतो. गुरुजी खडा मागतात आणि घरचे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. उपाय सोपा आहे. देह घरातून हलवायच्या वेळी अंगणातला एक खडा, सुपारीएवढा, धुऊन उंबऱ्यापाशी ठेवा आणि देह गेल्यावर उचलून घ्या. पांढऱ्या कापडात बांधून, घरात न ठेवता गॅलरीत किंवा बाहेर कुंडीत ठेवायची पद्धत आहे. दहाव्याला त्यावर काळे तीळ आणि पाणी, मग पिंड, मग खड्याचं विसर्जन. अस्थिविसर्जन हा भाग गळतो, बाकीचं जागेवर राहतं.

जागा म्हणाल तर ओंकारेश्वराचा नदीघाट. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो, तेव्हा नदीकाठी जायच्या आधी चौकशी करा. सामान गुरुजी आणतात, तरी भाताचे पिंड घरून न्यायचे की तिथे करायचे हे विचारून ठेवा. काळे तीळ, दर्भ, दूध, दही, तूप, मध, जानवं, पांढरी फुलं, पळसाच्या पत्रावळी. तुळशीची पानं पुरेशी घ्या. उरलेला भात आणि फुलं निर्माल्य कलशात टाका, मुठा नदीत नको, तिचं ओझं आधीच कमी नाही.

कावळा शिवणं. बाबा नास्तिक म्हणून कावळा शिवणार नाही, असं कोणीतरी पुटपुटणार. सकाळी उशीर झाला, आजूबाजूला दहा ठिकाणी पिंड मांडलेले असले, तर कावळ्यांची पोटं भरलेली असतात, कारण तेवढंच. अर्धा तास थांबा, गर्दी पिंडापासून लांब करा. नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून शिववतात, तीही शास्त्रातलीच सोय आहे. त्या अर्ध्या तासात ‘त्याची काहीतरी इच्छा राहिली असेल’ म्हणत आईच्या तोंडून काही कबूल करून घेणारे नातेवाईक असतात, त्यांच्यावर एका माणसाने लक्ष ठेवावं.

कोण बसणार? मुलगा, मुलगी, पुतण्या, स्वतः आई, कोणीही. मुलगा नास्तिक असेल तर त्याला संकल्प सोडायला लावू नका. न मानणाऱ्याने तोंडदेखलं पाणी सोडणं हे मंत्राचाही मान ठेवत नाही. त्याने बाजूला उभं राहावं, तांब्या द्यावा, आईला आधार द्यावा, मुंडन करू नये. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने स्त्री-पुरोहित तयार केलेत, तिथल्या पद्धतीत मंत्राचा अर्थ मराठीत सांगतात. ज्या घरात अर्धे लोक न मानणारे आहेत तिथे ते बरं पडतं, कारण आपण कशाला मान हलवतोय हे निदान कळतं.

दहा दिवस संध्याकाळी गरुडपुराण लावायची प्रथा आहे. इथे मात्र मी आईंना थांबा म्हणेन. त्यात पापपुण्याचे हिशेब आणि नरकयातना तपशिलात आहेत. नास्तिक माणसाच्या घरी ते ऐकताना जमलेले लोक एकमेकांकडे बघतात आणि आई रात्रभर जागी राहते. ज्ञानेश्वरीतला एखादा अध्याय किंवा गाथ्यातले अभंग घ्या.

स्पष्टवक्ता_कोथरूड :

वरचं सगळं वाचलं. माहिती चोख आहे, पण मूळ मुद्दा सगळ्यांनी गिळला. बाबांनी ‘विधी नकोत’ असं बजावलंय. म्हणजे देहदान बाबांच्या मनासारखं आणि त्यानंतरचे तेरा दिवस त्यांच्या मनाविरुद्ध? संकल्पात त्यांचं नाव, त्यांचं गोत्र, वर ‘प्रेत’ म्हणून उल्लेख. आयुष्यभर जे नाकारलं ते मेल्यावर चिकटवायचं. हा आदर नव्हे, मेलेला माणूस उलटून बोलत नाही याचा फायदा आहे. याच्या उलट कोणी केलं असतं, म्हणजे श्रद्धाळू माणसाची दशक्रिया मुलांनी परस्पर रद्द केली असती, तर हेच लोक गप्प बसले असते का?

पेठकरीण :

स्पष्टवक्ता, तुमचा प्रश्न रास्त आहे. फक्त त्याचं उत्तर आपण का द्यायचं? बाबा हयात आहेत, त्यांनाच विचारायचं. आणि ‘विधी चालतील का?’ असं ढोबळ विचारायचं नाही, त्यावर ‘नाही’ हेच येणार आणि आई रडणार. एकेक बारीक गोष्ट विचारायची.

ओसरीताई, एका रविवारी चहाच्या वेळी कागद घेऊन बसा. दोन रकाने, एक बाबांचा, एक आईचा. बाबांना विचारा: शुद्ध हरपल्यावर तोंडात तुळशीपत्र, गंगाजल घातलेलं चालेल का? उशाशी नामस्मरण? कपाळाला गंध? फोटोला हार आणि पुढे समई? दशक्रियेत तुमचं नाव-गोत्र उच्चारलेलं? की आईने तुमच्या नावाने नव्हे, स्वतःच्या मनःशांतीसाठी घाटावर जाऊन तीळ-पाणी सोडलं तर चालेल? अनेक नास्तिकांची हरकत तुळशीपत्राला नसते, ‘आता कळलं ना शेवटी देव आठवतो’ म्हणणाऱ्या पाहुण्यांना असते. काहींची नेमकी गोत्रोच्चाराला असते. माणसागणिक वेगळं, म्हणून विचारल्याशिवाय कळत नाही. बाबा एखाद्या गोष्टीला ठाम नाही म्हणाले, तर ती नाही. तिथे आईने माघार घ्यायची.

मग आईचा रकाना, कारण ती आधी गेली तर? ह्याचा विचार कोणी करत नाही. नास्तिक नवरा मागे राहिला, मुलगा परदेशात, आणि ‘कशाला हवं ते सगळं’ म्हणून उरकून टाकलं, असं व्हायला वेळ लागत नाही. तिला वैकुंठ स्मशानभूमीत लाकडावर अग्नी हवा की विद्युतदाहिनी चालेल, सौभाग्यलेणं काय घालायचं, ओटी कोणी भरायची, अस्थी इंद्रायणीत की आणखी कुठे, तेराव्याला काय गोड करायचं. बाबांनी ते लिहून घ्यायचं आणि खाली सही करायची, की हे मी टोमणा न मारता पार पाडीन. विधीला बसणार नसतील तर तेही लिहायचं, पण घाटावर येईन हे लिहायचं. ‘मी मानत नाही, पण तिचं सगळं यथासांग होईल’ हे वाक्य नवऱ्याच्या अक्षरात असलं, की त्या बाईचा देहदानाच्या फॉर्मवर सही करतानाचा हात थरथरत नाही. मला विचाराल तर सगळ्या व्यवहाराचं वंगण इथे आहे.

आता शब्द, कारण पुण्यात खरी भांडणं शब्दांवरून होतात. वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेचा मजकूर आत्ताच ठरवा. ‘देवाज्ञा झाली’, ‘वैकुंठवासी’, ‘कैलासवासी’ हे बाबांना लागू करू नका. साधं ‘निधन झाले’ लिहा. नावाआधी कै. नको, दिवंगत किंवा स्मृतिशेष चालतं. खाली ‘इच्छेनुसार देहदान करण्यात आले’ ही ओळ घाला. चार फोन कमी येतात आणि एखाद्या दुसऱ्या घरातही विषय निघतो. दहाव्याची वेळ त्या बातमीत छापू नका, ती आईच्या माणसांना फोनवर कळवा. बाबांच्या मित्रांसाठी वेगळी स्मरणसभा ठेवा, एखाद्या संध्याकाळी तास-दीड तास, सोसायटीचा हॉल पुरतो. त्या सभेत आईला आरतीचं ताट घेऊन उभं करू नका आणि तिला ‘तुम्ही अजून हे मानता?’ असं विचारणाऱ्या मित्राला चहाच्या टेबलाकडे न्या. सभेत दशक्रियेचा विषय नको, घाटावर बाबांच्या मतांचा नको. दोन्हीकडे तेच लोक येणार, त्यांना हे आधी सांगितलेलं बरं.

पुण्याला यात नवीन काही नाही. जोतीराव फुल्यांनी मृत्युपत्रात आपल्याला मिठात पुरावं असं लिहून ठेवलं होतं. १८९० च्या नोव्हेंबरात ते गेले, घरामागे खड्डाही तयार होता, पण वस्तीत पुरायला नगरपालिकेने परवानगी दिली नाही आणि दहन करावं लागलं. म्हणजे इच्छा लिहिली होती, जागेची परवानगी नव्हती. पारव्यांनी वर कॉलेजचे दोन नंबर लिहून ठेवायला सांगितलेत ते याचसाठी. त्या अंत्ययात्रेत टिटवं (पुढे धरायचं मडकं) त्यांच्या पत्नी सावित्रीबाईंनी धरलं होतं, अग्नीही त्यांनीच दिला. तेव्हा ‘बायकांनी घाटावर यायचं नसतं’ म्हणणाऱ्या काकांना सांगायला १८९० सालचा दाखला आहे, तोही पुण्याचाच. फुल्यांनी लिहिलेलंही आहे, की एकाच घरात बायको एका धर्माची, नवरा दुसऱ्या, मुलगी तिसऱ्या आणि मुलगा सत्यधर्माचा असला तरी सगळ्यांनी एकमेकांचा द्वेष न करता गोडीने राहावं. समाजसुधारक आगरकरांचं घरही तसंच: ते निरीश्वरवादी, यशोदाबाई व्रतवैकल्यं करणाऱ्या, आणि त्यांनी बायकोला अडवलं नाही. बाहेर मात्र याच शहराने आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. घरात जमतं ते रस्त्यावर जमत नाही, हे आपलं जुनं दुखणं.

कायद्याचा धाक दोन्ही बाजूंनी घालतात म्हणून तेवढं सांगते. राज्यघटनेचा अनुच्छेद २५ सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतो. त्यात मानणारा बसतो तसा न मानणाराही बसतो. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा दशक्रियेच्या आड येत नाही. पण ‘विधी न केल्यास भूतबाधा होईल’ अशी भीती घालून कोणी पैसे काढू लागला, तर तो कायदा नक्की आठवावा.

ओसरी :

मनापासून आभार. कागदाची कल्पना बाबांना सांगितली, ते म्हणाले ‘तिचा रकाना आधी भरा’. दोन शंका राहिल्या. तुळस, गंगाजल, गंध हे बाबांनी चालेल म्हटलं, तर त्याने नेत्रदानाला किंवा देहदानाला अडचण येते का? आणि बाबांना कधी आयसीयूत ठेवावं लागलं, तर देहदान की अवयवदान?

खिडकीतला_पारवा :

तुळशीचं पान ओठांवर ठेवा, पाणी दोन-चार थेंबच. नेत्रपेढीचे लोक येऊन जाईपर्यंत चेहऱ्यावर काही लावू नका: गुलाल, अबीर, बुक्का, अष्टगंधाची पूड अजिबात नको, पूड डोळ्यांत जाते. डोळ्यांचं काम झाल्यावर कपाळाला ओलं गंध चालेल. अंघोळ घालायची असेल तर तीही त्यानंतरच, किंवा ओल्या फडक्याने अंग पुसून घ्या. तोंडात सोन्याचा मणी ठेवतात तो ठेवू नका, ठेवलाच तर देह हलवण्याआधी आठवणीने काढा. तुळशीची माळ, हार, अंगावरचे दागिने घरीच उतरवून घ्या. अंगाला तूप लावू नका. कोरं धोतर किंवा पांढरी चादर पुरे. समई उशापासून हातभर लांब, ओल्या कापसाजवळ वात नको.

आयसीयूचं उत्तर: मेंदूमृत्यू झाला आणि डॉक्टरांच्या समितीने तो जाहीर केला, तरच हृदय, यकृत, मूत्रपिंडं देता येतात. तो निर्णय हॉस्पिटल आणि पुण्याचं विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र मिळून हाताळतात. अवयव काढल्यावर देह सहसा कॉलेज घेत नाही, कारण तेच, धमन्या. मग देह घरच्यांना मिळतो आणि दहन करावं लागतं. म्हणजे बाबांच्या रकान्यात आणखी एक ओळ हवी: अवयवदान शक्य असेल तर आधी ते, आणि तसं झालं, किंवा कॉलेजने देह नाकारला, तर दहन कसं करायचं. नास्तिक माणसं ही ओळ हमखास रिकामी सोडतात आणि मग ऐनवेळी वैकुंठात जो कोणी मोठ्या आवाजात बोलतो त्याच्या मनासारखं होतं. ‘विद्युतदाहिनी, मंत्र नाहीत, पाच मिनिटं शांत उभं राहायचं’ एवढं लिहिलं तरी पुरतं.

दर्भ_आणि_तीळ :

त्या दहनात मडकं फोडायचं नसेल, तर खडा उंबऱ्यापाशीच घ्या, स्मशानात शोधू नका. तिथे खडी असते आणि कोणीतरी हमखास वादाला तोंड फोडतं. अस्थी मिळतील त्या कुठे सोडायच्या, आईच्या म्हणण्याप्रमाणे इंद्रायणीत की बाबांच्या म्हणण्याप्रमाणे झाडाच्या मुळाशी, हेही कागदावर घ्या. कलशातल्या अस्थी दोन भागांत वाटायला धर्माची हरकत नाही.